म्हणे, असणार आणि अनधिकृत

‘अनधिकृत’ हा शब्द आपण बांधकामासाठी इतका वापरलाय, की ‘अनधिकृत चरित्र’ म्हटलं तरी मला आधी नोटीस आणि बुलडोझर दिसतो. खरं तर पुस्तकाच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की ज्याच्यावर लिहिलंय त्याची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घेतलेली नाही. बेकायदा त्यात काही नसतं. पण मामांनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, “न विचारता कुणाच्या घरात शिरायचं आणि वर कपाटं उघडायची...” आणि मला कळलं, निम्मा निकाल त्या शब्दानेच लावून टाकलाय.

पुस्तक रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याच्यावरचं. डोनाल्ड स्पोटो यांनी लिहिलेलं ‘द डार्क साइड ऑफ जीनियस’, १९८३ सालचं. सिनेमाचं शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने ते आणलं. त्याच्याकडून मामांकडे, मामांकडून वन्संकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. आमचं चौघांचं असंच चालतं. एकच प्रत फिरते, आणि ज्याचं वाचून होतं तो फोन करून मोकळा होतो. शेवटचा नंबर माझा असल्यामुळे पुस्तक उघडायच्या आधीच तीन मतं कानात भरलेली असतात. या वेळची तीन मतं ऐकून तर हे एकच पुस्तक आहे का, अशी शंका आली.

मामा वकिली करून निवृत्त झालेले. त्यांनी तारखा मांडल्या. हिचकॉक गेला २९ एप्रिल १९८० रोजी. पुस्तक आलं तीन वर्षांनी. मेलेल्या माणसाला बदनामीचा दावा लावता येत नाही, आणि इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या वतीने घरच्यांनाही लावता येत नाही. “म्हणजे थांबले होते हो ते! तो जाईपर्यंत थांबले.” त्यांचा खरा राग मात्र आणखी एका तारखेवर होता. याच स्पोटोंनी १९७६ मध्ये हिचकॉकच्या चित्रपटांवर एक पुस्तक लिहिलं होतं, कौतुकाचं. ते हिचकॉकला आवडलंही होतं. मामांच्या हिशेबात ही गद्दारी. ताटात जेवायचं आणि त्याच ताटाला भोक पाडायचं.

मला हे पटलं नाही. सात वर्षांत माणसाला आणखी काही कळू शकतं की. कौतुक करणाऱ्याने जन्मभर कौतुकच करायचं, असा काही करार नसतो.

भाच्याचं मत दोन वाक्यांचं. “मावशी, तो माणूस कसा होता याच्याशी मला काय करायचंय? तो शॉट कसा घेतला, तेवढं असलेली पानं मी वाचली, बाकीची उलटली.” एकविसाव्या वर्षी असं म्हणता येतं.

आणि वन्सं. त्या म्हणाल्या, “मी ‘द बर्ड्स’ आता पुन्हा बघू शकणार नाही.” एवढंच. पुढे जेवणाचं काहीतरी बोलल्या आणि फोन ठेवला.

आता माझं. मी तीसेक वर्षं मुद्रितं तपासण्याचं काम केलं. त्याने वाचनाची कायमची वाट लागते. मी चरित्र मागून वाचते. आधी टिपा, मग सूची, मग ऋणनिर्देश. कोण बोललंय, कोण बोललं नाही, कुणाचे आभार मोघम मानलेत, हे बघून झाल्यावर प्रकरण पहिलं. हातात पेन्सिल असते, मऊ शिशाची. पुस्तक परत करताना खुणा खोडायच्या असतात.

आपल्या भाषेत एक फार सोयीचा शब्द आहे: म्हणे. वाक्याच्या शेवटी टाकला की सांगणारा मोकळा. ‘तो फार तापट होता म्हणे.’ मी पाहिलं नाही, ऐकलंय, खरंखोटं देव जाणे, हे सगळं त्या दोन अक्षरांत आलं. इंग्रजी चरित्रात असा शब्द जागोजागी टाकता येत नाही, त्यामुळे ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट एकाच क्रियापदात शेजारी शेजारी उभ्या राहतात. मी वाचताना तो ‘म्हणे’ आपला आपण घालून बघते. जिथे बसतो तिथे समासात एक छोटा ‘म’. आणि जिथे लेखक दिग्दर्शकाच्या डोक्यात शिरून सांगायला लागतो, त्या क्षणी त्याला काय वाटलं असणार, पडद्यावरचा तो खुनी म्हणजे आतून हाच असणार, तिथे ‘अस’. पेन्सिल बरीच झिजली. स्पोटोंचा हा जुनाच दोष, आणि तो दाखवणारी मी काही पहिली नाही. ते चित्रपटातून माणूस काढतात. चित्रपटात गळा आवळला की दिग्दर्शकाच्या मनात गळा आवळणं आलंच. या न्यायाने भयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला आत टाकावं लागेल.

पण थांबा. मामांच्या बाजूने जाण्याआधी आकाशपाळण्याची गोष्ट.

हिचकॉकची मुलगी पॅट्रिशिया १९५१ च्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मध्ये काम करत होती. त्यात जत्रेचा प्रसंग आहे, तिथे आकाशपाळणा होता. गोष्ट अशी सांगतात, की बापाने तिला शंभर डॉलरची पैज लावून वर बसवलं, पाळणा अगदी टोकाला गेल्यावर वीज बंद करायला लावली आणि पोरीला तासभर काळोखात लटकत ठेवलं. खाली आली तेव्हा ती थरथरत होती. क्रौर्याचा पुरावा म्हणून ही गोष्ट पुस्तकांतून फिरत राहिली. भाच्यालाही तोंडपाठ होती. माझा ‘म’ मी ठळक काढला.

पुढे पॅट्रिशियाने स्वतःच सांगितलं की असं काही झालं नाही. म्हणजे पैज होती, वीजही बंद केली, पण वर तिच्यासोबत आणखी दोघं होती आणि फार तर दोन-तीन मिनिटं गेली. बाप दुष्ट नव्हता, दुष्टपणा एवढाच की शंभर डॉलर काही मिळाले नाहीत, असं ती वर म्हणाली. मग तो तास आला कुठून? चित्रपटाच्या प्रसिद्धीपत्रकातून. चित्रपटाला जरा सनसनाटी मिळावी म्हणून प्रसिद्धी खात्याने दोन मिनिटांचा तास केला. म्हणजे हिचकॉकला क्रूर ठरवणारी ही गोष्ट कुठल्या चहाडखोर चरित्रकाराने रचली नव्हती. ती अधिकृत होती!

हे मामांना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, “प्रसिद्धीपत्रकाला कुणी पुरावा मानतं का?” तेच तर म्हणतेय मी.

दुसरी अधिकृत गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली. लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवलं, तिथल्या अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचून पोराला पाच-दहा मिनिटं कोठडीत डांबलं आणि सांगितलं, वाईट मुलांचं आम्ही असं करतो. ही गोष्ट हिचकॉकने आयुष्यभर प्रत्येक मुलाखतकाराला ऐकवली. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफोंना १९६२ साली दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीतही ती आहे. दर वेळी त्याचं वय थोडं सरकतं. इतकी घासूनपुसून गुळगुळीत झालेली आठवण मी मुद्रितात पाहिली असती तर समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. १९७८ मध्ये जॉन रसेल टेलर यांनी त्याचं अधिकृत चरित्र लिहिलं. ते वाचनीय आहे, मी हे नाकारत नाही. पण घर बघायला गेल्यावर मालक स्वतः पुढे चालत एकेक खोली दाखवतो, तशी त्याची चाल आहे. एखादं दार तो उघडत नाही आणि आपणही मर्यादा राखून पुढे जातो.

आता ते दार.

टिपी हेड्रन ही जाहिरातींतली मॉडेल. हिचकॉकने तिला एका टीव्ही जाहिरातीत पाहिलं, स्वतःच्या करारात घेतलं आणि १९६३ च्या ‘द बर्ड्स’ची नायिका केलं. शेवटाकडे ती माळ्यावरच्या खोलीत जाते आणि पक्षी तिच्यावर तुटून पडतात, तो प्रसंग. तिला सांगितलं होतं की यांत्रिक पक्षी वापरणार. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी कळलं की ते चालत नाहीत, खरे वापरायचे. मग पाच दिवस, जाड हातमोजे घातलेली माणसं तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकत होती. शेवटी काही पक्षी तिच्या कपड्यांना बांधले. एकाने डोळ्याजवळ चोच मारली. ती कोसळली आणि डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली. पडद्यावर हे बघता बघता संपतं.

हे वाचताना मी पेन्सिल टेकवली नाही. इथे ‘म्हणे’ बसतच नाही. सगळं युनिट हजर होतं.

‘म्हणे’चा प्रश्न येतो तो पुढच्या वर्षीच्या ‘मार्नी’ या चित्रपटापाशी, नायिका तीच. बंद खोलीत त्याने उघड मागणी केली, आपण नाही म्हटलं आणि त्याने करारात अडकवून करिअर संपवलं, असं हेड्रनचं म्हणणं. स्पोटोंच्या पुस्तकातून ते पहिल्यांदा इतक्या लोकांपर्यंत गेलं. २०१६ मध्ये तिने स्वतःच्या आत्मकथनात ते आणखी स्पष्ट लिहिलं. उलट बाजूला अभिनेत्री किम नोव्हाक आणि इव्हा मरी सेंट, दोघींनी त्याच्याबरोबर काम केलेलं, दोघी म्हणतात आम्हाला असा अनुभव आला नाही. २००३ मध्ये पॅट्रिक मॅकगिलिगन यांचं वेगळं चरित्र आलं, ते स्पोटोंच्या बऱ्याच रंगकामावर हरकत घेतं. मामांनी हा सगळा साक्षीपुरावा माझ्यासमोर मांडला. मी त्यांना विचारलं, “मामा, एका अशिलाला लुबाडणाऱ्याने दुसऱ्या दोघांना लुबाडलं नाही, म्हणून तुम्ही केस सोडून दिली असती?” ते हसले. पण उत्तर दिलं नाही, हेही नोंदवते.

तरीही त्या पानावर मी ‘म’ लिहिलाच. सवय. दोन माणसं, बंद दार, तिसरं कुणी नाही. माझ्या नियमाप्रमाणे तिथे ‘म’च येतो.

मला पुस्तकात सगळ्यात कमी मिळाली ती आल्मा. आल्मा रेव्हिल, त्याची बायको, त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान, आणि लग्नाआधीपासून संकलनाच्या कामात मुरलेली. त्याच्या ‘सायको’ चित्रपटात अभिनेत्री जॅनेट ली मेलेली असताना क्षणभर हललेली सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती, ती आल्माने पकडली. मुद्रितशोधक म्हणून माझा तिला साष्टांग नमस्कार. १९७९ मध्ये मोठा पुरस्कार घेताना हिचकॉक म्हणाला की चार जणांचे आभार मानायचेत: एक संकलक, एक पटकथालेखक, एक माझ्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाक करणारी, आणि चौघींचं नाव आल्मा रेव्हिल. लोकांना हे भाषण गोड वाटतं. मलाही वाटलं होतं. पण माळ्यावरची पानं वाचून लगेच ते पुन्हा बघितलं तर समोर बसलेल्या आल्माच्या चेहऱ्याकडेच लक्ष जात राहिलं. तिला काय वाटलं असणार... बघा, झालं माझंही स्पोटो.

पुस्तक संपवून मी पुन्हा वन्संकडे पाठवलं. त्यांना काहीतरी परत बघायचं होतं. खुणा खोडायच्या राहिल्या होत्या, म्हटलं आल्यावर खोडू. चार दिवसांनी परत आलं. वन्सं पुस्तकात कधी काही लिहीत नाहीत, बसच्या तिकिटाची खूणसुद्धा ठेवत नाहीत. ‘मार्नी’च्या पानावर माझ्या त्या ‘म’च्या खाली, त्यांच्या बारीक सरळ अक्षरात, पेनाने लिहिलं होतं: “मग तिने काय साक्षीदार बसवून ठेवायचे होते?”

मी खोडरबर घेऊन बसले होते. पहिल्या पानापासून माझ्या खुणा खोडत त्या पानापर्यंत आले. भाच्याचा फोन आला, पुस्तक कधी देतेस, वर्गातल्या कुणाला तरी हवंय. त्याला म्हटलं, अजून आठवडाभर राहू दे.