हिम, बर्फ आणि स्नो : एकाच पदार्थाची वेगवेगळी कुळे

मराठीत 'बर्फ' हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या वस्तूंसाठी वापरतो. आकाशातून भुरभुरत उतरणारा पांढरा पिसारा हाही बर्फ, आणि भांड्यातले पाणी गोठून झालेला पारदर्शक, दगडासारखा ठोकळा हाही बर्फच. ज्या फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला तिथे मात्र ही सरमिसळ नाही. फारसीत 'बर्फ' म्हणजे केवळ आभाळातून पडणारे हिम, आणि गोठलेल्या पाण्यासाठी 'यख' हा वेगळा शब्द आहे. 'बर्फ'चे जुने रूप अवेस्तेच्या, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या, भाषेत 'वफ्र' असे सापडते. पुढे वर्णविपर्यय होऊन 'फ' आणि 'र' यांनी जागा बदलल्या, सुरुवातीच्या 'व'चा 'ब' झाला आणि आजचे रूप तयार झाले. पश्तू आणि कुर्दी भाषांत याच शब्दाची भावंडे आजही हिमासाठीच वापरली जातात. आपण 'बर्फ' घेतला आणि 'यख' मागे ठेवला. जिथे आकाशातून हिम पडतच नाही तिथल्या बोलणाऱ्यांना दोन शब्दांची गरज भासली नसावी, असे मला वाटते, आणि त्यात काही गैरही नाही. मात्र या एका शब्दामुळे मला हिमाच्या नावांचा नाद लागला. जो तो समाज हिमाकडून काय घेतो तेच त्याच्या शब्दात उतरते, ही माझी धारणा हा शोध घेता घेता पक्की होत गेली.

आपल्या जवळचा, आणि माझ्या मते या सगळ्यांत श्रीमंत शब्द म्हणजे 'हिम'. आज तो ऐकला की पांढरी शिखरे डोळ्यांसमोर येतात, पण त्याचा मूळ अर्थ पदार्थ नसून थंडी, किंवा थंडीचा ऋतू, असा आहे. 'हेमंत' त्याच धातूचा. ग्रीकमधील हिवाळ्यासाठीचा 'खेइमोन', लॅटिनमधील 'हिएम्स', रशियनमधील 'झिमा' आणि फारसीतील 'जमिस्तान' ही सगळी याच कुळातील नातलग मंडळी आहेत, आणि या सर्वांचा अर्थ हिवाळा असाच आहे. ज्या काळात पंचांगे नव्हती त्या काळी माणसाने किती हिवाळे काढले यावरून त्याचे वय मोजले जात असे. ऋग्वेदात रुद्राला उद्देशून 'शतं हिमाः' अशी प्रार्थना येते. तिथे शंभर हिमे म्हणजे शंभर हिवाळे, म्हणजेच शंभर वर्षांचे आयुष्य. लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या जनावराला 'बीमुस' म्हणत. तो शब्द फोडला तर 'दोन हिवाळ्यांचा' असा अर्थ निघतो. ग्रीक पुराणकथांत सिंहाचे तोंड, शेळीचे धड आणि सापाची शेपटी असलेली 'खिमाइरा' नावाची राक्षसी आहे. तिच्या नावाचा साधा अर्थ शेळी असा आहे, आणि तो शब्द मुळात एक हिवाळा पाहिलेल्या शेळीसाठी होता असे मानले जाते. हिमालय आणि ही राक्षसी एकाच धातूच्या पोटी जन्मले, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा त्या दिवशी दुसरे काही वाचावेसे वाटले नाही.

थंडीपासून गोठलेल्या पाण्यापर्यंतचा प्रवास संस्कृतात हळूहळू झाला, आणि तो होत असताना 'हिम' या शब्दाने दंव, धुके, कडाका, हिमकण अशा सगळ्यांना सामावून घेतले. अमरकोशात हिमाचे पर्याय देताना अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन आणि प्रालेय हे शब्द एका दमात येतात. त्यांतला कोणता दंवाचा, कोणता धुक्याचा आणि कोणता खऱ्या हिमाचा, असा भेद तो श्लोक करत नाही. फक्त साचलेल्या हिमराशीसाठी 'हिमानी' हा वेगळा शब्द लगेच पुढे दिला आहे. जसे मोठे अरण्य ती 'अरण्यानी', तसे मोठे हिम ती 'हिमानी', असा हा प्रत्यय विशालता दाखवण्यासाठी लागतो, हे व्याकरणकारांनीही नोंदवून ठेवले आहे. या पर्यायांपैकी 'तुषार'चे मराठीत जे झाले ते फार सुंदर आहे. त्याची थंडी उडून गेली आणि उरले ते फक्त बारीक कणांचे उडणे. आज धबधब्याचे तुषार अंगावर येतात, कारंज्याचे तुषार उडतात आणि शेतात तुषार सिंचन होते. या शब्दात कधीकाळी गोठण्याचा अर्थ होता हे बोलताना कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. संस्कृतात हिम हे बहुतेक वेळा सुखद आहे. चंद्र 'हिमांशु' आहे, कारण त्याचे किरण शीतल. कापराचे एक नाव 'हिमवालुका', म्हणजे हिमाची वाळू. आयुर्वेदात औषधी द्रव्य रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळून जे पेय घेतात त्या कल्पाचे नावच 'हिम' आहे. त्यात गोठलेले काहीच नसते. उकळून केलेल्या काढ्याहून वेगळा, एवढाच त्या नावाचा अर्थ. ऋग्वेदातही अश्विनीकुमार संकटातल्या अत्रि ऋषींना वाचवताना हिमाने आगीचा दाह आवरतात. उन्हाने पोळलेल्या भाषांची ही खास नजर असावी, कारण अरबीतही अगदी असेच आढळते. तिथे हिम आणि बर्फ या दोन्हींसाठी 'सल्ज' हा एकच शब्द चालतो, आणि एखाद्या बातमीने मन आनंदले हे सांगायचे तर त्या बातमीने 'छातीवर हिम घातले' अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतात. थंडीने गारठलेल्या मुलखात हीच शब्दयोजना शाप वाटली असती.

आता 'स्नो'. हा शब्द दुसऱ्या धातूचा आहे, आणि त्याचा गोतावळाही मोठा आहे. जर्मन 'श्ने', डच 'स्नेऊ', रशियन 'स्नेग', लिथुआनियन 'स्निएगास' ही त्याची सख्खी भावंडे. लॅटिनमध्ये सुरुवातीचा 'स' गळून 'निक्स' झाले, त्याचे षष्ठीचे रूप 'निविस', आणि त्यातून फ्रेंच 'नेज' आणि स्पॅनिश 'निएवे' आले. अमेरिकेतील नेवाडा राज्याचे नाव म्हणजे 'हिमाच्छादित' हा स्पॅनिश शब्द. तो तिथे सिएरा नेवाडा या पर्वतरांगेवरून आला. वेल्समधील स्नोडन या शिखराचे नाव जुन्या इंग्रजीतील 'हिमाची टेकडी' या अर्थाच्या शब्दांचे आहे, पण वेल्श लोक त्याला स्वतःच्या भाषेत 'अर् विद्वा' म्हणतात आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने २०२२मध्ये तेच नाव वापरायचे ठरवले.

या धातूचा भारतीय धागा कोणता, हा प्रश्न भाषाशास्त्रात जुना आहे. अवेस्तेत 'हिम पडते' या अर्थाचे क्रियापद याच धातूपासून बनलेले दिसते. संस्कृतातील 'स्निह्' हा धातू, म्हणजे चिकटणे, ओलसर किंवा तेलकट होणे आणि पुढे माया करणे, हाही त्याच मुळाचा, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. सर्वांचे त्यावर एकमत नाही, आणि अर्थातील अंतर पाहता शंका घेणे रास्तच आहे. तरीही शून्य अंशाच्या आसपास पडणारे हिम जवळून पाहिले, तर हे नाते मला ओढूनताणून जोडलेले वाटत नाही. कडाक्याच्या थंडीतले कोरडे हिम मुठीत दाबले तरी पिठासारखे निसटते. तापमान वितळण्याच्या बिंदूजवळ आले की प्रत्येक कणावर पाण्याचा अतिशय पातळ थर येतो, कण एकमेकांना बिलगतात, पडता पडताच त्यांचे मोठे झुपके बनतात आणि लोकरीच्या बाहीवर पडलेला झुपका झटकला तरी धागे सोडत नाही. हे खरे असेल तर 'स्नेह' आणि 'स्नो' यांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे, ते म्हणजे चिकटून राहणे.

चिनी भाषेत हिमाला 'श्वे' म्हणतात. त्याच्या अक्षरचिन्हाचा वरचा भाग म्हणजे पाऊस, त्यात ढगाखाली टपकणारे चार ठिपके स्पष्ट दिसतात. खालचा भाग हा केरसुणीच्या जुन्या चिन्हाचा उरलेला अंश आहे. ती केरसुणी मुळात उच्चार सुचवण्यासाठी जोडलेली होती. गंमत अशी की हाच शब्द क्रियापद म्हणून वापरला तर त्याचा अर्थ पुसून काढणे, धुऊन टाकणे असा होतो, आणि अपमानाचा कलंक धुऊन काढणे या अर्थाच्या चिनी शब्दात हेच चिन्ह असते. जपानी भाषेने तोच प्रयोग 'सेत्सुजोकु' या रूपात घेतला. जपानीत हिमाची नावेही नजर ठरेल अशी आहेत: मोठ्या, ओलसर झुपक्यांचे हिम म्हणजे 'बोतान-युकी', बोतानच्या (पिओनीच्या) फुलासारखे हिम, आणि स्वच्छ आकाश असताना वाऱ्यावर दुरून तरंगत येणारे तुरळक कण म्हणजे 'काझाहाना', वाऱ्याची फुले.

हिमाच्या शब्दांचा विषय निघाला की उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या इनुइट लोकांकडे हिमासाठी शंभर शब्द आहेत हे वाक्य हमखास येते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १९११मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी एका प्रस्तावनेत फक्त चार मूळ शब्द दिले होते: जमिनीवरचे हिम 'अपुत', पडणारे हिम 'काना', वाऱ्याने वाहत जाणारे हिम 'पिक्सिर्पोक' आणि वाऱ्याने रचलेला हिमाचा ढीग 'किमुक्सुक'. भाषा आपापल्या गरजेप्रमाणे जगाची वाटणी करतात, एवढेच त्यांना दाखवायचे होते. १९४०मध्ये भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली व्होर्फ यांनी तो मुद्दा आणखी ताणला, आणि त्यानंतर आकडा छापील मजकुरातून तोंडोतोंडी वाढत गेला. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा मार्टिन यांनी १९८६मध्ये या वाढीचा माग काढून तो फुगवटा उघड केला. मुळात या भाषांत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडून पूर्ण वाक्याचा आशय एकाच शब्दात आणता येतो. त्यामुळे तिथे शब्द मोजणे म्हणजे आपल्याकडे वाक्ये मोजण्यासारखे आहे.

पण आकडा खोटा ठरला म्हणून निरीक्षणही खोटे ठरवू नये. तोच कण हवेत असेपर्यंत 'काना' आणि जमिनीला टेकताच 'अपुत' होतो, यात भौतिकदृष्ट्या काहीही अतिशयोक्ती नाही. जमिनीवर आल्यावर सहा पाकळ्यांच्या स्फटिकाची नाजूक टोके झिजू लागतात, कण गोलसर होतात, एकमेकांना सांधले जातात आणि थर दबत जातो. पदार्थ खरोखरच बदललेला असतो. उत्तर युरोपातील सामी या समाजाचे नॉर्वेतील भाषातज्ज्ञ ओले हेन्रिक मग्गा यांनी आपल्या भाषेत हिम आणि बर्फ यांच्यासाठी सुमारे १७५ ते १८० मूळ शब्द असल्याचे मांडले आहे. रेनडियर पाळणाऱ्यांना हे शब्द हौसेखातर लागत नाहीत. हिमावर पाऊस पडून पुन्हा गोठले की चाऱ्यावर बर्फाचे कवच तयार होते, ते खुरांनी फुटत नाही आणि खालच्या दगडफुलापर्यंत कळप पोहोचू शकत नाही. अशा कवचाला सामीत 'चुओह्की' हे नाव आहे आणि ते उच्चारताना त्यात कळपाच्या उपासमारीची धास्ती असते. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५मध्ये स्कॉट्स भाषेतील हिमाशी संबंधित ४२१ शब्द जमवल्याचे जाहीर केले, त्यांत कोपऱ्याभोवती गिरकी घेणाऱ्या हिमासाठी 'फीफल' असे क्रियापदही आहे.

'स्नो' या शब्दाचे आणखीही अर्थ झाले. अठराव्या शतकातील दोन डोलकाठ्यांच्या एका जहाजाला 'स्नो' म्हणत, पण त्याचा हिमाशी काडीचाही संबंध नाही. ते नाव चोच किंवा तोंडाचा पुढे आलेला भाग या अर्थाच्या डच शब्दावरून आले. मराठीत 'स्नो-पावडर' या जोडशब्दातला स्नो म्हणजे चेहऱ्याला लावायचे पांढरे मलम, जे त्वचेवर चोळताच विरघळल्यासारखे दिसेनासे होते. जुन्या दूरचित्रवाणी संचावर प्रक्षेपण नसताना दिसणारी ठिपक्यांची खळबळ इंग्रजीत 'स्नो' ठरली, तर स्वीडिश लोकांना त्यात 'मुंग्यांचे युद्ध' दिसले आणि रुमानियन लोकांना 'पिसवा'. त्या खळबळीतला अल्पसा अंश विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाचा असतो, ज्याचा शोध पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४मध्ये लागला आणि ज्यासाठी त्यांना १९७८चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठीत लिहिताना मी स्वतः एक भेद पाळतो. आकाशातून पडते ते हिम आणि गोठलेले पाणी तो बर्फ. म्हणून 'बर्फवृष्टी'पेक्षा मला 'हिमवर्षाव' बरा वाटतो. पहिल्या शब्दाने मनात ठोकळे किंवा गारा येतात, आणि गारपीट तर वेगळीच घटना आहे. अडचण येते ती मधल्या अवस्थांची. ताज्या, कोरड्या हिमाचे वजन घनमीटरला शंभर किलोच्या आत असू शकते, हिमनदीच्या बर्फाचे ९००च्या वर जाते, आणि या दोहोंच्या मध्ये एक उन्हाळा न वितळता टिकलेले, दाणेदार, घट्ट होत चाललेले हिम असते. त्याला जगभरचे हिमनद-अभ्यासक 'फिर्न' म्हणतात. हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'गेल्या वर्षीचे' इतका साधा आहे. त्यासाठी एखादा बोजड संस्कृत समास घडवण्यापेक्षा मराठीत 'जुने हिम' म्हणावे, असे माझे मत आहे. जर्मन शब्द तरी याहून अधिक काय सांगतो?