तिसऱ्याच्या पदरात नेमके किती पडते?

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण अमेरिका आणि चीन यांच्या व्यापारयुद्धात व्हिएतनामला इतक्यांदा लावली गेली आहे, की ती तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटेनाशी झाली आहे. वरवर पाहता आकडेही तिचीच री ओढतात. ६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के जादा आयात शुल्क लावले आणि पुढे ती यादी लांबत गेली. त्या वर्षी व्हिएतनामशी होणाऱ्या वस्तुव्यापारात अमेरिकेची तूट सुमारे ३९ अब्ज डॉलर होती. २०२४ मध्ये ती १२३ अब्जांच्या पुढे गेली. अमेरिकेची तूट म्हणजे व्हिएतनामचे आधिक्य, तेव्हा लाभ झाला, असे म्हणून बहुतेक लेख इथेच थांबतात.

माझ्या मते खरी गोष्ट चीनच्या रकान्यात आहे. २०२४ मध्ये व्हिएतनामची चीनशी व्यापारतूट ८० अब्ज डॉलरहून अधिक होती आणि साऱ्या जगाशी मिळून त्याच्या हाती उरलेले आधिक्य सुमारे २५ अब्ज डॉलरचे होते. चीनच्या सीमेवरच्या लांग सोन प्रांतातल्या हुउ न्घी सीमाद्वारातून येणारे ट्रक पाहिले, की हे आकडे एकमेकांत कसे गुंतले आहेत ते कळते. (‘हुउ न्घी’ म्हणजे मैत्री, पण १९७९ च्या चीन-व्हिएतनाम युद्धातली एक लढाई याच प्रांतात झाली होती.) या वाटेने आलेले सुटे भाग बाक निन्ह आणि आसपासच्या प्रांतांतील कारखान्यांत जोडले जातात, आणि तयार वस्तू हाय फाँग बंदरातून बाहेर पडते. समजा, अशा एका वस्तूची किंमत १०० डॉलर आहे आणि तिच्यातले ७० डॉलरचे भाग चिनी आहेत. अमेरिकेच्या वहीत व्हिएतनामच्या नावावर पूर्ण १०० डॉलर चढतात, व्हिएतनामच्या चीनशी व्यापारात ७० डॉलरची तूट पडते, आणि व्हिएतनामच्या पदरात ३० डॉलर उरतात. तेही सगळे त्याचे नसतात, कारण देशाच्या निर्यातीत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा परकीय गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे. त्यांनी मायदेशी नेलेला नफा व्यापारशेषात दिसतच नाही. तो चालू खात्याच्या, म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी होणाऱ्या एकूण जमाखर्चाच्या, दुसऱ्या ओळीत वजा होतो.

हा केवळ हिशेबनिसांचा वाद असता, तर मी त्यावर लिहिले नसते. पण शिक्षा ठरवताना तो फुगलेला द्विपक्षीय आकडाच पुढे केला जातो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने, हा आकडाही एक निकष धरून, व्हिएतनामवर चलनाच्या दरात फेरफार करणारा देश असा शिक्का मारला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो काढून घेतला. २ एप्रिल २०२५ रोजी तर ४६ टक्के शुल्क जाहीर झाले, आणि त्याचे सूत्र थक्क करणारे होते: अमेरिकेच्या तुटीला व्हिएतनामकडून होणाऱ्या आयातीने भागायचे, म्हणजे सुमारे ९० टक्के येतात, आणि त्याचे निम्मे करायचे. चीनला गेलेल्या डॉलरना त्या भागाकारात जागाच नव्हती.

जुलै २०२५ मध्ये तडजोडीची घोषणा झाली: सर्वसाधारण मालावर २० टक्के आणि दुसऱ्या देशाचा माल केवळ व्हिएतनाममार्गे वळवला असेल, तर ४० टक्के. आता ‘वळवलेला’ कशाला म्हणायचे? मालावरची मूळ देशाची चिठ्ठी नुसती बदलणे ही लबाडी, हे कोणीही मान्य करील. पण जोडणी, रंग, चाचणी हे सगळे व्हिएतनाममध्ये झाले आणि गाभा मात्र बाहेरचा असला, तर काय? या प्रश्नाचा चटका व्हिएतनामला पूर्वीच बसला आहे. दक्षिण कोरिया आणि तैवानमधून आणलेल्या पत्र्यावर प्रक्रिया करून पाठवलेल्या पोलादावर अमेरिकेने २०१९ मध्ये ४५६ टक्क्यांपर्यंत शुल्क लावले होते.

चीनवरचे अवलंबन कमी करा, असा सल्ला बाहेरून देणे सोपे आहे. ४६ टक्क्यांच्या घोषणेनंतर बाराव्या दिवशी शी जिनपिंग हनोईत होते आणि तिथे झालेल्या चर्चेत रेल्वेचे सहकार्यही होते. चीनच्या सीमेवरच्या लाओ कायपासून हनोईमार्गे हाय फाँगपर्यंत जाणाऱ्या नव्या लोहमार्गाला व्हिएतनामच्या संसदेने त्याच वर्षी फेब्रुवारीत मंजुरी दिली होती: एका टोकाला सुटे भाग येण्याची सीमा, दुसऱ्या टोकाला तयार माल जाण्याचे बंदर.