चालू गिट रेपो सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका

फोटो, डॉक्युमेंट्स सगळं क्लाउड सिंकच्या (ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्हसारख्या) फोल्डरमध्ये आहेच तर कोडचं फोल्डरपण तिथेच टाकू, दोन्ही लॅपटॉपवर आपोआप येईल, असं बरेच जण करतात आणि सुरुवातीला ते मस्त चालतंही, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. पण गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्वतःच्या एफएक्यूमध्येच स्पष्ट लिहिलंय की रेपोचा (कोड आणि त्याचा इतिहास असलेल्या फोल्डरचा) कुठलाही भाग क्लाउड सिंकने सिंक करू नका.

का, ते बघा. एक कमिट मारलं (म्हणजे बदलांची एक नोंद केली) की रेपोतल्या डॉट-गिट (.git) या लपलेल्या फोल्डरच्या आत ऑब्जेक्ट्समध्ये, म्हणजे खरा मजकूर जिथे साठतो तिथे, नव्या फाईली पडतात, इंडेक्स (पुढच्या कमिटमध्ये काय जाणार याची यादी) बदलतो, आणि मग रेफ्समधली ब्रँचची (कामाच्या एका शाखेची) फाईल बदलते, जिच्यात साधारणपणे फक्त ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे शेवटच्या कमिटचा ओळख-क्रमांक, असतो. आधी ऑब्जेक्ट मग रेफ, हा क्रम गिट पाळतं. सिंकला त्याचं काही सोयरसुतक नाही, जी फाईल हाताला लागली ती आधी वर. मग दुसऱ्या मशीनवर ब्रँच नव्या कमिटकडे बोट दाखवतेय आणि ते कमिट अजून पोचलंच नाहीये, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं तर झालंच.

ऑब्जेक्ट्स तशी एकमेकांवर आदळत नाहीत, कारण नाव मजकुरावरूनच बनतं. खरी भानगड रेफ्सची. दोन्हीकडे ऑफलाइन कमिट झालं की मेन या मुख्य ब्रँचच्या फाईलशेजारी तिचीच कॉन्फ्लिक्ट कॉपी (दोन्हीकडचे बदल जुळले नाहीत म्हणून सिंकने ठेवलेली दुसरी प्रत) येऊन बसते. असं दिसलं तर ती फाईल डिलीट करायची घाई अजिबात करू नका! उघडा, आतला हॅश कॉपी करा आणि गिट ब्रँच कमांडने त्या हॅशवर नवीन ब्रँच काढा, कमिट बहुतेक वेळा शाबूत सापडतं. तसंच सोडलं तर त्या कमिटकडे कुठलीच ब्रँच जात नाही, आणि असे अनाथ ऑब्जेक्ट्स गिट जीसी ही गिटची साफसफाईची कमांड कधीतरी साफ करते (डिफॉल्ट मुदत २ आठवडे, रिफलॉगमध्ये, म्हणजे ब्रँच कुठून कुठे हलली त्याच्या नोंदवहीत, नोंद असेल तर जास्त).

सिंक वापरायचंच असेल तर मला सगळ्यात आवडतो तो गिट बंडल, म्हणजे रेपो एका फाईलमध्ये बांधून देणारी गिटची कमांड. तिला डॅश डॅश ऑल (--all) दिलं की सगळ्या ब्रँच, टॅग, हिस्टरी एकाच फाईलमध्ये येतात, आणि एकच फाईल म्हटल्यावर सिंकला क्रमाचा घोळ घालायला जागाच नाही. फक्त कमिट न केलेलं काम त्यात येत नाही, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या मशीनवर त्या बंडलवरून क्लोन (पूर्ण रेपो नव्याने उतरवणं) किंवा फेच (फक्त नवे बदल आणणं) सरळ चालतं, त्याआधी फाईल पूर्ण उतरलीये ना ते बघून घ्या.