किलकिला डोळा

सामूहिक प्रार्थनेच्या वेळी मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांकडे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते. अशाच एका प्रार्थनेत चार-पाच वर्षांचा एक मुलगा डोळे घट्ट मिटून आजोबांच्या शेजारी बसला होता. मधूनच तो एक डोळा किलकिला करी, आजोबांचे डोळे अजून मिटलेलेच आहेत ना याची खात्री करून घेई आणि पुन्हा आपले डोळे मिटून घेई. ईश्वर, पाप, मुक्ती यांतले काहीही त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही धर्म त्याच्यापर्यंत येऊन पोहोचला होता, आणि तोही उपदेशावाचून.

धर्म टिकतो तो तत्त्वज्ञानाच्या बळावर, असे आपण सहसा गृहीत धरतो. जपानमधल्या गुप्त ख्रिस्ती लोकांची हकीकत वाचल्यापासून मला मात्र याविषयी शंका येऊ लागली. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पाद्री हाकलले गेले किंवा मारले गेले, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे या लोकांना ना चर्च होते ना धर्मगुरू. त्यांच्याजवळ उरले होते ते केवळ विधी. गावातला एक जण सणावारांची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई, आणि लॅटिन व पोर्तुगीज प्रार्थना तोंडी एका पिढीकडून दुसरीकडे जात. त्या भाषा कोणालाच येत नसल्यामुळे शब्द झिजत गेले आणि अर्थ तर केव्हाच विरून गेला, पण म्हणणे थांबले नाही. १८६५ मध्ये नागासाकीतल्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि त्यांनी फ्रेंच पाद्र्याला हळूच विचारले, की येशूची आई मारिया, तिची मूर्ती कुठे आहे. गंमत पुढेच आहे. बंदी उठल्यावरही त्यांच्यापैकी कित्येकांनी चर्चमध्ये परतायचे नाकारले, कारण वाडवडिलांनी जपलेली झिजकी प्रार्थना हाच त्यांचा धर्म झाला होता. ज्या विधींनी धर्म वाचवला, त्यांनीच तो मूळ मालकाच्या हाती परत देण्याचे नाकारले, असे म्हणायला हरकत नाही.

विधींमधला त्रास हा त्यांचा दोष आहे असे बुद्धिवादी माणसाला वाटते, आणि मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. रिचर्ड सोसिस या मानवशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतील ८३ सहजीवनी वसाहतींचा, म्हणजे एकत्र राहून सामायिक जीवन जगणाऱ्या समूहांचा, अभ्यास केला, तेव्हा निराळेच दिसले: धार्मिक वसाहतींत सभासदांवरचे निर्बंध जितके अधिक जाचक, तितकी वसाहत अधिक काळ टिकली, निधर्मी वसाहतींत मात्र कडक नियमांचा असा काही उपयोग झाला नाही. धर्माच्या प्रसाराचेही तसेच असावे. अमुक देव खरा आहे असे कोणीही म्हणू शकतो. पण त्या देवासाठी जो माणूस दिवसभर उपाशी राहतो किंवा पहाटेची झोप मोडून उठतो, त्याच्या बोलण्यावर शेजाऱ्याचा विश्वास चटकन बसतो. शिवाय विधीत सामील व्हायला आधी सगळे पटावे लागत नाही. इतर उठले की उठावे, बसले की बसावे, आणि पटायचे असेल ते सावकाश पटत राहते.

अर्थात प्रत्येक रूढी धर्माच्या पथ्यावर पडतेच असे नाही. १७७४ साली इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या शेकर या ख्रिस्ती पंथाकडे सामूहिक नृत्य होते, शिस्त होती, पण ब्रह्मचर्याचा नियमही होता. घरात मुले जन्मणार नाहीत म्हटल्यावर पंथाची सारी भिस्त बाहेरून येणाऱ्यांवर राहिली, आणि ते येईनासे झाल्यावर पंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. आजोबांच्या शेजारी बसून डोळा किलकिला करणारे कोणी तिथे नव्हतेच.

त्या मुलाचा डोळा त्या दिवशी एकदा थेट माझ्याकडे वळला आणि तो दचकला. आजोबांचे डोळे मिटलेले होते. उघडे सापडले होते ते माझे. मी घाईघाईने ते मिटून घेतले.