तुम्ही विचारलंत म्हणून : मास्तर सोबत असताना विमान पडतेच कसे?

नागपुरात वायुसेना नगराच्या बाजूने फुटाळ्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत हवाई दलातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ मी एकटाच आहे. त्यामुळे देशात कुठेही प्रशिक्षण विमान कोसळले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले जाते. ४ डिसेंबर २०२३ रोजी हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील अकादमीतून उडालेले पिलाटस विमान मेडक जिल्ह्यात तूपरानजवळ कोसळले आणि प्रशिक्षक व कॅडेट दोघेही गेले, तेव्हाही प्रश्न तोच होता : ‘‘काकाजी, मास्तर सोबत असतो ना, मग विमान पडतेच कसं?’’

या प्रश्नामागे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असते. तिथे शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, आणि तो दाबला की चूक तिथेच थांबते. प्रशिक्षण विमानातही प्रशिक्षकापाशी कंट्रोलचा पूर्ण दुसरा संच असतो. पिलाटसमध्ये तो मागच्या आसनावर बसतो, जुन्या किरण विमानात शेजारी. पण विमानाला हवेत ब्रेक लावून उभे करता येत नाही. वेग एका मर्यादेखाली गेला किंवा नाक गरजेपेक्षा जास्त उचलले गेले की पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि विमानाचा आधार जातो. त्याला स्टॉल म्हणतात. त्यातून बाहेर यायचे तर नाक खाली घालून वेग मिळवावा लागतो, म्हणजे हातातली उंची खर्चावी लागते.

म्हणून स्टॉल आणि स्पिन (स्टॉलनंतर गरगरत खाली येणे) मुद्दाम करून दाखवायचे ते हजारो फुटांवर. उतरण्यापूर्वीच्या वळणावर मात्र विमान हजार फुटांच्याही खाली आलेले असते, वेग कमी असतो आणि वळताना पंखांवरचा भार वाढलेला असतो. तिथे तीच चूक झाली तर उपाय ठाऊक असूनही तो करायला जागा उरत नाही. त्यातच प्रशिक्षकाचे खरे काम चूक होऊ न देणे हे नसून ती थोडी होऊ देणे हे आहे. त्याने प्रत्येक वेळी लगेच कंट्रोल घेतले, तर ‘कोणीतरी सावरून घेईल’ एवढेच पोरगा शिकेल. किती वेळ थांबायचे याचा हिशेब तो उंची पाहून करतो, आणि तो हिशेब काही सेकंदांचा असतो.

शिवाय मास्तर असला म्हणजे यंत्र ऐकतेच असे नाही. ३१ जुलै २००९ रोजी मेडक जिल्ह्यातच एचपीटी-३२ दीपक हे विमान पडले, त्यात बसलेले दोघेही प्रशिक्षकच होते. त्या विमानाचे एकमेव पिस्टन इंजिन हवेत बंद पडण्याची तक्रार जुनी होती, आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन आसने त्यात नव्हती. सतरा अपघात आणि एकोणीस वैमानिकांचे मृत्यू नोंदले गेल्यावर ते कायमचे जमिनीवर आले. मे २०१३ मध्ये पिलाटस दाखल होईपर्यंत नवख्या पोरांना पहिले धडे किरण या जेट विमानावर द्यावे लागले. इतकी वर्षे दीपक उडवत राहणे मला तेव्हाही पटले नव्हते, पण माझ्या हुद्द्याच्या माणसाला ते कोण विचारणार?

यानंतर तुम्ही हमखास विचारता, चूक कोणाची होती? इथे मी विषय बदलतो, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

उड्डाणापूर्वी तपासणी करणारा तंत्रज्ञ फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदींवर, सही करतो आणि त्यानंतर वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. अपघात झाला की ती कागदपत्रे तत्काळ सील होतात, इंधनाचे नमुने बाजूला काढले जातात आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे हवाई दलाची चौकशी, बसते. माझ्या नोकरीत एका सकाळी प्रशिक्षक आणि कॅडेट घेऊन गेलेले एक विमान परत आले नाही, आणि त्या फॉर्मवर माझी सही होती. साक्षीला बोलावणे येईपर्यंत मी तो प्रत्येक नट, तो सैल होऊ नये म्हणून पिळून बांधलेली प्रत्येक लॉकिंग वायर मनात पुन्हा पुन्हा तपासत होतो. वायरचा पीळ योग्य बाजूने होता का, यावर एक अख्खी रात्र गेली. चौकशीत यंत्रात दोष आढळला नाही, असे आमच्या वरिष्ठांनी सांगितले, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. ठपका आता त्या दोघांवर जाणार आणि त्यांची बाजू मांडायला ते नाहीत, हे ध्यानात यायला संध्याकाळ उजाडली. त्यातल्या कॅडेट पोराने आदल्या दिवशी मला हायड्रॉलिकच्या गळतीविषयी काहीतरी विचारले होते आणि मी घाईत ‘‘उद्या सांगतो’’ म्हणालो होतो.

उड्डाणे पुन्हा सुरू झाली त्या दिवशी एखादे विमानात राहिले नाही ना, म्हणून टूल बोर्डावरची अवजारे मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा ती पूर्ण भरली, तरी सहीसाठी पेन उचलायला मला वेळ लागला.