बी-१५ घ्यायचा की नाही: तीन भेटींची नोंद

शनिवार, पहिली भेट

बरेच महिने शोधत होतो तो बास गिटारचा अँप (अँप्लिफायर) अखेर हाताला लागला. अँपेग बी-१५एनएफ. १५ इंची एकच स्पीकर, ३० वॉट, आउटपुटला ६एल६ ट्यूबची, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हची, जोडी. ज्यांच्याकडे तो आहे ते काका स्वतः बास वाजवायचे. बोटं आखडायला लागली तसं वाजवणं सुटलं, पण अँप ते दर महिन्याला तासभर चालू ठेवतात. हे ऐकून माझी निम्मी काळजी मिटली. वर्षानुवर्षं बंद राहिलेला ट्यूब अँप थेट सॉकेटला लावला आणि सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आत शॉर्ट झाला, तर सोबत पॉवर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. काहीजण अशा वेळी व्हॅरिॲकवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज हळूहळू चढवतात. पण या मॉडेलमध्ये रेक्टिफायरही (एसीचं डीसी करणारा भाग) ट्यूबचाच आहे आणि तो पुरेसा तापेपर्यंत कपॅसिटरपर्यंत काही पोचतच नाही. त्यामुळे तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही.

काकांनी बाजूच्या क्लिपा सोडवल्या, वरची फळी उचलून उलटी केली आणि आत टांगलेले ट्यूब बाहेर येऊन सरळ उभे राहिले. ही रचना मी चित्रांत शंभरदा पाहिली होती, समोर पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. जेस ऑलिव्हर यांची ही कल्पना १९६० मध्ये बाजारात आली. प्रवासात ट्यूब पेटीच्या पोटात सुरक्षित, वाजवताना बाहेर हवेशीर. फळी दोन्ही स्थितींत पेटीवर घट्ट बसते, म्हणून स्पीकरमागची हवा हवी तिथूनच बाहेर पडते. ‘पोर्टाफ्लेक्स’ या नावातही तेच आहे, पोर्टेबल आणि रिफ्लेक्स. कंपनीचं नावही बासवरूनच पडलंय. उभ्या बासच्या खालच्या खुंटीत, म्हणजे पेगमध्ये, मायक्रोफोन बसवण्याच्या कल्पनेपासून सुरुवात झाली आणि ‘अँप्लिफाइड पेग’चं अँपेग झालं. बाससाठीच जन्मलेल्या घराण्यातला हा अँप आहे, आणि वाजवताना ते जाणवतं.

काकांची परवानगी घेऊन आकडे उतरवून घेतले. जुन्या अमेरिकी सुट्या भागांवरचा कोड वाचता आला की अर्धा इतिहास कळतो. पहिले दोन-तीन आकडे बनवणाऱ्याचे, मग वर्ष, मग आठवडा. पॉटवर (नॉबमागच्या फिरत्या रोधकावर) १३७ आणि पुढे ६६२२, म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६ चा बाविसावा आठवडा. दोन पॉट जुळले. स्पीकरवर मात्र ६७-७९११ निघालं. ६७ हा एमिनन्स कंपनीचा कोड, म्हणजे स्पीकर १९७९ चा, नंतर बसवलेला. काकांना विचारलं तर म्हणाले, “मूळचा फाटला होता रे, मीच बदलून घेतला.” लपवाछपवी काही नाही. संग्रह करणाऱ्याच्या लेखी इथे अँपचं मोल घसरलं. मला तो वाजवायचाय.

बुधवार, दुसरी भेट: हम

या वेळी स्वतःचा बास नेला, रोजच्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारांचा. दुसऱ्याच्या बासवर अँप ऐकला तर कुठला रंग कशाचा ते ओळखता येत नाही.

आधी बास न लावता अँप चालू केला आणि आवाजाचे नॉब शून्यावर ठेवले. घूंsss असा हम होताच. तो किती आहे याच्याइतकाच कुठल्या सुराचा आहे हा प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि बासवाल्याच्या हातात त्याचं मोजमाप तयार असतं. ५० हर्ट्झच्या विजेवर हम दोन तऱ्हेचा येतो. ट्यूबच्या हीटरमधून (ट्यूब तापवणाऱ्या तारेतून) किंवा अर्थिंगच्या घोळातून आलेला हम ५० हर्ट्झचा, तर रेक्टिफायरच्या पुढचे फिल्टर कपॅसिटर थकल्याने येणारा दुप्पट, १०० हर्ट्झचा. आपली मोकळी ‘जी’ (G) तार ९८ हर्ट्झला असते. ‘ई’ (E) तारेवर तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) ‘जी’ त्याच्या निम्मा, ४९ हर्ट्झ. म्हणजे दोन्ही हम आपल्या जी सुराच्या किंचित वर बसतात, फक्त सप्तक वेगळं. मी बासची मोकळी जी अँपला न जोडता, लाकडाला कान लावून छेडली आणि हमशी ताडून पाहिली. वरचाच. जीपेक्षा जरासा चढा, दोन्ही सूर एकत्र वाजले की मधे थरथर ऐकू येते. आवाजाचा नॉब फिरवून तो वाढत नव्हता, म्हणजे उगम त्या नॉबच्या आधी नाही. फिल्टर कपॅसिटर थकलेत. पन्नासपेक्षा जास्त वर्षांच्या कपॅसिटरचं आयुष्य संपणारच, यात अँपचा काही दोष नाही. टायर झिजावा तसं आहे ते.

मग पेन्सिलीच्या मागच्या रबराने एकेका प्रीअँप (सुरुवातीच्या टप्प्यातल्या) ट्यूबवर हलकेच टकटक केली. इथे तीन ६एसएल७ आहेत. मधला ठण्णकन वाजला. मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे धक्का लागला की त्याचाच आवाज स्पीकरमधून येतो. ट्यूब बदलला की काम झालं.

स्पीकरसाठी अँप बंद करून दोन्ही हातांची बोटं कोनवर समान दाबून तो सरळ आत ढकलला. खरखर नाही, कॉइल घासत नाही. नंतर मोकळी ई, ४१ हर्ट्झ, हळू आणि लांब वाजवली, मग एकेक पट्टी वर. एफच्या आसपास पेटीचं काहीतरी खडखडलं. हात फिरवत गेलो तर एक क्लिप सैल निघाली.

तोवर मी मीटर काढायला लागलो होतो. काका म्हणाले, “अरे, मीटर नंतर लाव. आधी वाजव.”

अर्धा तास वाजवलं. नॉब अर्ध्यावर येईपर्यंत आवाज गोल आणि भरलेला असतो, प्रत्येक सुराची सुरुवात बोटाच्या मांसासारखी मऊ. अर्ध्याच्या पुढे जोरात छेडलं की अँप थोडा मागे सरतो आणि सूर पसरतो. मोटाउनचे बासवादक जेम्स जेमर्सन यांच्यामुळे हा अँप बासवाल्यांच्या मनात कायमचा बसला, तेव्हा थोडा भारावून वाजवत असेन हे कबूल. म्हणून घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज तसाच होता.

वजाबाकी

जोरात ड्रम वाजवणाऱ्यासोबत ३० वॉट पुरणार नाहीत, हे स्वतःला स्पष्ट सांगायला हवं. १९६९ मध्ये याच कंपनीने ३०० वॉटचा एसव्हीटी आणला तो मोठ्या मंचांसाठीच. दहापट वॉट म्हणजे १० डेसिबल, कानाला साधारण दुप्पट. तीन किलोच्या आजच्या क्लास-डी हेडमध्ये (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, स्पीकर नसलेल्या हलक्या अँपमध्ये) याहून कितीतरी जास्त ताकद मिळते, आणि मंचासाठी मी तेच वापरत राहीन. आमच्या त्रिकुटात ड्रमवाला ब्रश वापरतो आणि उरलेलं सगळं रेकॉर्डिंग. त्या कामाला ३० वॉट भरपूर. मोठा मंचच वाजवायचा असता तर मी इथेच थांबलो असतो, आवाज कितीही आवडला तरी.

दुसरा मुद्दा विजेचा. अँप ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात. कमी हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकीय भार २० टक्के वाढतो आणि तो जास्त तापतो. मी ११० व्होल्टचा स्टेपडाउन घ्यायचं ठरवलंय. मग हा जादा भार तेरा टक्क्यांच्या आसपास येतो, हीटरला ६.३ ऐवजी जेमतेम ५.९ व्होल्ट मिळतात, आणि ट्यूब ते निभावून नेतात.

रविवार, तिसरी भेट: तंत्रज्ञ सोबत

ट्यूब अँप दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी बाईंना घेऊन गेलो. आत ४०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. माझ्यासारख्याने चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) पोटात बोट घालू नये, वाचणाऱ्यांनीही घालू नये.

मी त्यांना एकच गोष्ट विचारली होती. ट्रान्सफॉर्मर मूळचे आणि धडधाकट आहेत का? बाकी सगळं बदलता येतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर बदली मिळते, पण या अँपचा खालचा सूर बराचसा त्या लोखंडातूनच येतो. त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे (ट्यूबकडच्या वेटोळ्याचे) दोन्ही अर्धे मोजले. एकाचा रोध थोडा जास्त निघाला आणि मी घाबरलो. बाहेरून गुंडाळलेल्या अर्ध्याची तार लांब असते, म्हणून एवढा फरक असायचाच, असं त्यांनी समजावलं. पॉवर ट्रान्सफॉर्मर तासाभराने गरम होता, पण हात ठेवता येत होता आणि जळका वास नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यांनी सक्तीची सांगितली. वायर अजून दोनच तारांची आहे, अर्थिंग नाही. त्या काळच्या अनेक अमेरिकी अँपांत मेन्स आणि चॅसिसमध्ये एक कपॅसिटर असतो, तो शॉर्ट झाला तर बासच्या तारांवर वीज येते. तो याच्यातही निघाला. तीन तारांची केबल बसून तो काढल्याशिवाय अँप पुन्हा वाजवायचा नाही.

काकांना होकार दिला. अँप घरी न आणता थेट बाईंकडे जाईल. आधी केबल, मग फिल्टर कपॅसिटर, मग मधला ६एसएल७. काढलेले जुने भाग पिशवीत घालून, कुठून काढले ते लिहून पेटीसोबतच ठेवणार. कपॅसिटर बदलल्यावर मोकळ्या जीजवळचा तो सूर किती उरतो ते पुढच्या नोंदीत सांगतो.