हळदीकुंकवाआधीचा एक तास

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या सोसायटीत कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतंच. आज वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होतं. या सगळ्या बायका मला मनापासून आवडतात. पण वीस-पंचवीस जणी एका हॉलमध्ये एकदम बोलू लागल्या की मी आतून थकते. म्हणून निघण्याआधीचा तास माझा एकटीचा. घरात आता सगळ्यांना हे माहीत आहे.

फोन आतल्या खोलीत ठेवून दिला. काळी साडी, पिना, बांगड्या सकाळीच पलंगावर काढून ठेवल्या होत्या, कारण आयत्या वेळच्या शोधाशोधीनं माझा जीव घाबरा होतो. निऱ्या सावकाश घातल्या. एकेक निरी बोटांत धरून सारखी करताना ‘तिथं काय बोलायचं’ ही डोक्यातली घरघर कमी होत जाते. मग खिडकीशी बसून भ्रामरी प्राणायाम. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की व्हेगस नावाची नस हृदयाचे ठोके मंदावते. भ्रामरीत गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, मुद्दाम मोजावं लागत नाही.

खरं टेन्शन उखाण्याचं. तो आधीच मोठ्यानं म्हणून बघते. आजचा मीच जुळवला: ‘सुगडात घातले हरभरे, ऊस आणि बोरं, …रावांचं नाव घेते, लाजू कशाला बरं?’

बोलावणं सहाचं असेल तर मी ठीक सहाला जाते. उशिरा गेलं की भरल्या हॉलमध्ये सगळ्यांच्या नजरा अंगावर येतात. आधी गेलं की तीन-चारच जणी असतात, एकेकीशी नीट बोलता येतं. आणि मी अत्तर लावायचं काम मागून घेते. समोरचीचा हात हातात घ्यायचा, मनगटाजवळ अत्तराचा फाया टेकवायचा, ‘गुडघा कसा आहे?’ एवढं विचारायचं. अशा दोन मिनिटांच्या भेटीत मला खरंच सुख वाटतं.

कार्याच्या आधी गप्प बसलेल्या पोरीला ‘माणूसघाणी’ म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे स्वभाव मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ मध्ये पुस्तकात मांडले, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आतल्या जगाकडे ओढ असणं म्हणजे माणसांचा तिटकारा नव्हे.

शेजारची नवी सून आज दाराशीच अवघडून उभी होती. रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तिला अर्धा तास आधी यायला सांगितलंय, त्या दिवशी अत्तरदाणी तिच्याकडे.